बंदुकीनंतरचे हात

जुन्या ट्रॉफीच्या लाकडी ढालीवर समोर एक पितळी पट्टी असते. तिच्यावर शिकाऱ्याचे नाव, जंगलाचे नाव, महिना, वर्ष आणि वाघ असेल तर त्याची लांबी फूट-इंचांत कोरलेली असते. ढाल उतरवून उलटी केली, तर कधी कधी मागे एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली सापडते: व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन, मैसूर. पट्टीवरच्या माणसाचे काम एका दुपारी संपलेले असे. चिठ्ठीवरच्या माणसांना त्यापुढे कित्येक महिने लागत. आज आपण संग्रहालयात किंवा एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात जे पाहतो, ते सारे या दुसऱ्या माणसांचे काम आहे. शिकारीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मचाण, हाका, चांदण्या रात्री ऐकलेली डरकाळी, सगळे आले. या हातांबद्दल मात्र फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून हा लेख.

शिकाऱ्याला टॅक्सिडर्मिस्ट, म्हणजे मेलेल्या जनावराच्या कातड्यातून ट्रॉफी घडवणारा कारागीर, निवडावा लागे तो बंदूक उचलण्याच्या आधी. मध्य प्रांतात आणि विदर्भात वाघाच्या शिकारीचा खरा हंगाम एप्रिल-मे. पाणवठे आटलेले, पानगळ झालेली, त्यामुळे जनावर कुठे असेल याचा अंदाज बांधता येई. पण त्याच उन्हात मेलेल्या जनावराचे कातडे काही तासांत बिघडू लागते. पोट आधी फुगते, पोटाकडची कातडी हिरवट पडते आणि केसांची मुळे सैल होतात. गंमत अशी की केसांचे हे सैल होणे त्या वेळी वरून दिसत नाही. महिनाभराने कारखान्यात कातडे पाण्यात भिजवले की केस मूठमूठ हातात येतात. ते नुकसान कोणत्याही कारागिराला भरून काढता येत नाही. म्हणून जाणते टॅक्सिडर्मिस्ट आपल्या गिऱ्हाइकाला आधी शिकवत. व्हॅन इंगेन यांनी तर शिकाऱ्यांसाठी ट्रॉफी कशी जपावी याची पुस्तिकाच छापली होती. आपले निम्मे काम जंगलातल्या तंबूपाशी, आपण तिथे नसताना होते, हे त्यांना ठाऊक होते.

तंबूपाशी काय करायचे, ते नीट सांगतो. आधी मापे. नाकाच्या टोकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी दुसरी, वाघ बाजूला करायचा आणि दोन खुंट्यांमधले सरळ अंतर मोजायचे. पुष्कळ शिकारी पाठीच्या वळणांवरून फीत टाकत, त्यात काही इंच सहज वाढत. टॅक्सिडर्मिस्टला खुंट्यांमधले माप हवे असे. शिवाय मानेचा घेर, छातीचा घेर, डोळ्यापासून नाकापर्यंतचे अंतर ही मापेही हवी असत, कारण उतरवलेले कातडे ताणले तर हवे तेवढे ताणले जाते आणि वाळले की आक्रसते. त्याच्यावरून जनावर केवढे होते हे कळत नाही.

मग सुरी. हनुवटीपासून शेपटीच्या टोकापर्यंत पोटाच्या मधोमध एक सरळ चीर, आणि चारही पायांच्या आतल्या बाजूने एकेक. पायाची चीर रेषेतून थोडी जरी बाहेर सरकली तरी शिवण बाहेरच्या बाजूला येते आणि जन्मभर दिसते. नुसते मुंडके भिंतीवर लावायचे असेल तर गळा पुढून कधीच चिरायचा नाही. मानेच्या मागून चीर द्यायची आणि खांद्यापर्यंतचे कातडे सोबत घ्यायचे. गवा आणि सांबर यांच्या बाबतीत ही चूक फार होई. मारणारा माणूस कानांच्या जरा मागे मान कापून मोकळा होई, आणि मग भिंतीवर आखूड मानेचे, गुदमरल्यासारखे दिसणारे सांबर उभे राही.

सर्वांत नाजूक काम चेहऱ्याचे. ओठ आतून चिरून उलगडायचे, कान आतली कूर्चा सुटेपर्यंत उलटे करायचे, पापण्यांची कडा शाबूत ठेवायची, पंजे बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंत सोलून नखे कातड्यालाच राहू द्यायची. चरबीचा कण राहता कामा नये. मग बारीक मीठ आणि तुरटीची पूड कातड्याच्या आतल्या अंगाला चोळायची, आणि ओठ, कान, पंजे इथे दुसऱ्यांदा चोळायची. वाळवायचे ते सावलीत. उन्हात टाकलेले कातडे चांगले कडक झालेले दिसते, पण त्यातली चरबी उन्हाने तापून कातडे आतून शिजलेले असते आणि पाण्यात घातले की त्याचे तुकडे पडतात. हे सगळे कंदिलाच्या उजेडात, माशा आणि मुंग्या हाकलत, दिवसभराच्या हाक्यानंतर करायचे. करणारी माणसे बहुधा जवळच्या गावातली, पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे काम केलेली. साहेब तंबूत जेवत असे तेव्हा ही माणसे वाघाचा कान उलटा करत असत. त्यांची नावे कुठल्याच पट्टीवर आली नाहीत.

आणखी एक काम असे, राखणीचे. वाघ पडला की त्याच्या मिशा नाहीशा होत. मिशी बारीक चिरून अन्नातून दिली तर माणूस मरतो अशी समजूत होती, त्यामुळे काही जण त्या जाळून टाकायला उपटत आणि काही जण जपून ठेवायला. नखे ताइतासाठी जात, चरबी सांधेदुखीवर चोळायला जाई, आणि खांद्याच्या मांसात सुटे असलेले ते लहानसे वाकडे हाड शुभ म्हणून पळवले जाई. मिशा नसलेला वाघ कारखान्यात आला तर तिथे दुसरे केस बसवावे लागत. म्हणून जाणकार शिकारी वाघाशेजारी आपला माणूस बसवी.

हे कातडे पाठवायचे कुठे? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मोठ्या साहेबांचे उत्तर एकच होते, लंडन. पिकॅडिलीवर रोलंड वॉर्ड यांचे दुकान होते आणि साम्राज्यातल्या शिकाऱ्यांची ती पंढरी होती. वॉर्ड हे उत्तम कारागीर, आणि तितकेच उत्तम व्यापारी. १८९२ साली त्यांनी शिंगांच्या आणि कातड्यांच्या विक्रमी मापांची नोंदवही छापायला सुरुवात केली. तिच्यात आपले नाव यावे म्हणून लोक जंगले पालथी घालू लागले. शिंग किती इंच, यावर माणसाची प्रतिष्ठा ठरू लागली. या एका पुस्तकाने जगभरच्या जंगलांचे किती नुकसान केले असेल याचा विचार केला की मन खिन्न होते.

पण लंडन दूर होते. कातडी आधी मुंबई बंदरात येणार, तिथल्या दमट हवेत पडून राहणार, मग जस्ताचा पत्रा लावलेल्या पेटीतून समुद्रमार्गे सुएझ ओलांडून जाणार. वाटेत कसर लागणार. वर्षा-दीड वर्षाने ट्रॉफी तयार होणार. निवृत्त होऊन विलायतेला जाणाऱ्या साहेबाचे यात काही अडत नव्हते, त्याला ती तिथल्याच घरात लावायची होती. पण इथे राहणारे संस्थानिक, चहा-कॉफीचे मळेवाले, जंगलखात्याचे अधिकारी यांना जवळचा, रेल्वेच्या पार्सलने गाठता येईल असा आणि या देशातल्या जनावरांना डोळ्यांनी पाहिलेला कारागीर हवा होता.

तो मैसूरला मिळाला. डच वंशाच्या यूजीन व्हॅन इंगेन यांनी १९००च्या सुमारास तिथे हे काम सुरू केले. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत बोअर लोक इंग्रजांशी लढत होते. यूजीन यांनी आपल्या मुलांना बोअर सेनापतींची नावे दिली: डी वेट, बोथा, जूबेर. पुढे हा धंदा या भावांनी वाढवला. जागा मोठ्या विचाराने निवडलेली होती. मैसूरची हवा मुंबई-मद्रासइतकी दमट नाही, आसपास बंडीपूर, काबिनी आणि निलगिरीची जंगले, आणि आश्रयदाते मैसूरचे महाराज. भाऊ स्वतः शिकारी आणि गळ टाकणारे होते. डी वेट यांनी १९४६ साली पकडलेला १२० पौंडांचा महसीर मासा आजही त्या माशाच्या इतिहासात विक्रम म्हणून सांगितला जातो. म्हणजे पळणारे, वळणारे, पाणी पिणारे जनावर या लोकांनी पाहिलेले होते. टॅक्सिडर्मिस्ट निवडताना पाहायची ही पहिली गोष्ट होती. ज्याने जिवंत वाघ चालताना पाहिला नाही, त्याने केलेल्या वाघाचे खांदे नेहमी चुकतात.

जुनी पद्धत अशी होती की कातड्याची पिशवी शिवायची आणि तिच्यात पेंढा, भुसा, चिंध्या ठासायच्या. असे जनावर फुगीर होते. त्याला स्नायू नसतात, कणा नसतो, आणि काही वर्षांनी पेंढा खाली बसला की पोट लोंबते. मैसूरच्या कारखान्यात तसे होत नसे. तिथे आधी मातीत जनावर घडवले जाई, मोजलेल्या मापांवरून, एकेक स्नायू दाखवून. त्यावरून प्लास्टरचा साचा निघे. साच्याच्या दोन्ही अर्ध्यांत खळीत भिजवलेल्या कागदाचे थरावर थर दाबून बसवत, वाळले की काढून जोडत. वजनाला हलका, टणक, आणि आकाराने अचूक असा पोकळ कागदी वाघ तयार होई. वेगवेगळ्या मापांचे असे साचे त्यांनी वर्षानुवर्षे जमवले होते. आलेल्या कातड्याच्या मापाचा साचा निवडायचा, त्यावर कातडे चढवून पाहायचे, कुठे कमी-जास्त असेल तर कागद चढवायचा किंवा तासायचा. अमेरिकेत कार्ल एकली यांनी संग्रहालयांसाठी घडीव सांगाड्याचा हाच विचार त्याच सुमारास कळसाला नेला. एकली वर्षाकाठी मोजकी जनावरे करत. मैसूरला शेकड्यांनी होत, आणि तरी दर्जा टिकत असे. मला या कारखान्याचे सर्वांत मोठे यश यातच वाटते.

हा दर्जा टिकला कामाच्या वाटणीमुळे. कारखान्यात भरभराटीच्या काळात दीडशेच्या आसपास माणसे होती, बहुतेक मैसूर आणि परिसरातली. कोणी फक्त कातडी भिजवून तासून पातळ करणार, कोणी फक्त कागद दाबणार, कोणी फक्त शिवणार. चेहरा करणारे निराळे. डोळ्यांभोवतीची माती, ओठांची घडी, नाकपुडीचा फुगवटा त्यांच्या हातचा. वाळलेले नाक काळपट पडते आणि आक्रसते, म्हणून त्याला पुन्हा रंग द्यावा लागतो. तोंड उघडे असेल तर जीभ, टाळू, हिरड्या रंगवून त्यावर ओलसर चकाकी आणावी लागते. वाघाचे सुळे वाळताना तडकतात, त्यांना मेणाचा हात द्यावा लागतो. रोज तेच काम करून या माणसांच्या बोटांत वाघाचा चेहरा उतरला होता. संस्थेला नाव मिळाले ते मालकांचे, आणि ते योग्यही होते. पण व्हॅन इंगेनचा म्हणून जो चेहरा आज जगभरचे संग्राहक लांबून ओळखतात, तो मुख्यतः कन्नड बोलणाऱ्या, अनामिक कारागिरांचा आहे.

गिऱ्हाइकाने मागणी नोंदवताना ठरवायचे ते असे: पूर्ण उभे जनावर, नुसते मुंडके, की डोक्यासकट जमिनीवर पसरायचे कातडे, तोंड उघडे की मिटलेले, मान डावीकडे वळलेली की उजवीकडे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण भिंतीवरच्या दोन मुंडक्यांनी एकमेकांकडे पाहावे की पाठ फिरवावी हे त्यावर ठरते. कातड्याला आपली खूण घालून पाठवणे शहाणपणाचे होते. कागदी चिठ्ठी रसायनात टिकत नाही, म्हणून कडेला ठरावीक भोके पाडण्याची रीत चामड्याच्या धंद्यात पूर्वीपासून आहे. त्यामुळे दुसऱ्याचा वाघ आपल्या घरी येत नसे. मुंडक्यांमध्ये गवा अवघड, कारण शिंगाचे वरचे टोपण आतल्या हाडापासून सुटे करून आत साफ करावे लागते, नाहीतर महिनोन्‌महिने दुर्गंधी येते. सांबराचे शिंग भरीव, त्याला हा त्रास नाही.

बहुतेक गिऱ्हाइकांना उघडे तोंड हवे असे, दात दाखवणारे, गुरगुरणारे. मला ही मागणी खोटी वाटते. बांधलेल्या हल्यावर आलेला, मचाणावरून टिपलेला वाघ मरताना कुणावर धावून जात नसे. आणि जंगलातला वाघ दिवसाचा बहुतेक वेळ तोंड मिटून, कान हलवत, सावलीत पडून असतो. उघड्या जबड्यामुळे शिकारीतला धोका घरात येणाऱ्या पाहुण्याला दिसे, एवढाच त्याचा उपयोग. मिटलेल्या तोंडाचे वाघ कमी दिसतात, पण कारागिराची खरी परीक्षा तिथेच होते, कारण दात आणि जीभ नसली की चुका झाकायला जागा राहत नाही.

चांगले काम ओळखायचे कसे, हे कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या प्राणी-दालनात प्रत्येकाला स्वतः करून पाहता येईल. आधी डोळे पाहावेत. वाघाची आणि बिबट्याची बाहुली गोल असते, घरच्या मांजरासारखी उभी फट नसते. हरिणांची बाहुली आडवी, लांबट. काचेचे डोळे युरोपातून येत आणि आळशी कारागीर मिळतील ते बसवी. उभ्या बाहुलीचा वाघ दिसला की समजावे, करणाऱ्याने वाघाकडे पाहिलेले नाही. मग पापणी पाहावी, ती डोळ्यावर टेकलेली हवी, मध्ये फट नको. कानाची कडा पातळ आहे की जाड पापडासारखी? ओठाच्या मागे भेग पडली आहे का? पायाच्या आतली शिवण दिसते का? आणि शेवटी चार पावले मागे येऊन उभे राहावे. वजन चारही पायांवर खरोखर पडले आहे असे वाटते, की जनावर लाकडी घोड्यासारखे नुसते टेकवले आहे? शंभर वर्षांपूर्वी मैसूरला कातडे पाठवण्याआधी एखाद्या ओळखीच्याच्या दिवाणखान्यात जाऊन शिकारी नेमके हेच पाहत असत.

आता आकड्यांकडे यावे लागते. टॅक्सिडर्मीचे ब्रिटिश इतिहासकार आणि प्राणिशास्त्रज्ञ पॅट मॉरिस यांनी या कारखान्याच्या नोंदी अभ्यासून २००६ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या हिशोबाप्रमाणे या एका कारखान्यातून गेलेल्या वाघ-बिबट्यांची संख्या ४३ हजारांच्या वर जाते. १९७२ साली भारतभर जी व्याघ्रगणना झाली, तिच्यात वाघ सापडले १,८२७. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या सुंदर चेहऱ्यांकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. कारागिरांनी वाघ मारले नाहीत हे खरे. पण इतके चांगले, इतके टिकाऊ, इतके हाताशी असलेले काम मिळत होते, म्हणूनही शिकारीची हौस वाढत गेली, असे माझे मत आहे. भिंतीवर कुजणारी, लोंबणारी ट्रॉफी मिळाली असती तर कितीजणांनी दुसऱ्या वाघासाठी खर्च केला असता? स्वातंत्र्यानंतर नागपुरात परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देण्याचे ठेके घेणाऱ्या शिकार कंपन्या निघाल्या. विदर्भ-मध्य प्रदेशातले शूटिंग ब्लॉक त्यांना मिळत, आणि ‘ट्रॉफी तयार करून घरपोच’ हा त्या सौद्याचाच भाग होता.

१९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि त्यातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. मैसूरच्या कारखान्याचा जीव त्याच वेळी गेला. जुन्या ट्रॉफी दुरुस्त करणे आणि अशीच कामे करत तो १९९९पर्यंत टिकला. जूबेर व्हॅन इंगेन २०१३ साली वारले, वयाची शंभरी ओलांडून.

मुंबईत मात्र हीच कला निराळ्या वाटेने गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ची. १९०८ साली कोवळ्या वयाच्या सालिम अलींनी मारलेली, पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखून घ्यायला ते सोसायटीत आले. सचिव मिलार्ड यांनी कपाटे उघडून त्यांना जपून ठेवलेले पक्षी दाखवले, आणि मुलाचे आयुष्य तिथून बदलले. पक्ष्याचे कातडे उतरवून, कापूस भरून, पायाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी बांधणे हेही टॅक्सिडर्मीचेच काम, फक्त इथे पक्षी शोभेसाठी नव्हता, चिठ्ठीसाठी होता. पुढे एस. एच. प्रेटर यांच्या देखरेखीखाली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग-दालन उभे राहिले. तिथे जनावराच्या मागे त्याचे रान, पाणी, गवत मांडले गेले. वाघ कुणी मारला हे तिथे महत्त्वाचे राहिले नाही. तो कसा राहतो, हे महत्त्वाचे झाले.

त्याच दालनातली जनावरे पाहून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. संतोष गायकवाड यांनी ही विद्या शिकायचे मनावर घेतले. शिकवायला कोणी नव्हते. मासे, कोंबड्या, पक्षी करत करत ते मोठ्या मांजरांपर्यंत पोहोचले, आणि २००९ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले. इथे येणारी जनावरे नैसर्गिकरीत्या किंवा आजाराने मेलेली, प्राणिसंग्रहालयांतली नाहीतर जंगलखात्याच्या ताब्यातली. खात्याच्या परवानगीशिवाय एक पीसही हलत नाही. अडचणी मात्र त्याच जुन्या. मृत्यूची बातमी किती लवकर कळते, शवविच्छेदनाची चीर कुठून दिली गेली, मृतदेह थंड जागी ठेवला का, यांवर सगळे अवलंबून. म्हातारे होऊन मेलेल्या वाघाचे केस विरळ असतात, कातडे सैल असते. शिकाऱ्याने निवडून मारलेले, ऐन उमेदीतले जनावर मैसूरच्या कारागिरांना मिळत असे. बोरिवलीचे काम त्यामुळे अधिक कठीण आहे. शरीररचना शिकवणारा माणूस हे काम करतो, हा योगही चांगला. स्नायू कुठून निघतो आणि कुठे संपतो हे ज्याला पाठ आहे, त्याला सांगाडा घडवताना अंदाज बांधावा लागत नाही.

आता जुन्या ट्रॉफीकडे पुन्हा वळायला एक मोठे कारण मिळाले आहे. बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन, त्यांचे सहकारी संशोधक सम्राट मोंडल आणि कार्डिफचे माइक ब्रूफर्ड यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या संग्रहालयांत पडून असलेल्या, भारतात मारलेल्या जुन्या वाघांच्या कातड्यांतून त्यांनी डीएनए काढला आणि आजच्या वाघांशी ताडून पाहिला. आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार जुन्या वाघांत होते, त्यांतले ९३ टक्के आजच्या वाघांत सापडले नाहीत. हे त्यांना कळले, कारण त्या कातड्यांसोबत ठिकाण आणि वर्ष लिहिलेले होते. नुसत्या कातड्याचा तितका उपयोग नाही. कुठल्या जंगलातला, कुठल्या साली, हे कळले तरच तो पुरावा होतो. कुणाच्या तरी दिवाणखान्यात टांगलेला ‘आलापल्ली, मे १९३४’ असा एखादा वाघ असेल तर तो आलापल्लीच्या वाघांबद्दल अशी माहिती देऊ शकेल, जी आज तिथे राहणारे वाघ देऊ शकणार नाहीत.

आणि असे वाघ, बिबटे, सांबरे, गवे महाराष्ट्रात कितीतरी घरांत आहेत. सातारा, कोल्हापूर, सावंतवाडीकडचे वाडे, विदर्भातल्या मालगुजारांची घरे, पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांची कुटुंबे. आजोबा गेले, वडील गेले, आता नातवंडांना ते जनावर घरात नको वाटते. बायका म्हणतात अपशकुनी आहे, मुले म्हणतात लाज वाटते. मी पाहिलेल्या एका घरात बिबट्याचे मुंडके गच्चीवरच्या खोलीत पावसाचे पाणी झेलत पडले होते. ते फेकून द्यावे की कुणाला द्यावे, या विचारात घरच्यांची काही वर्षे गेली होती.

त्यांच्यासाठी, आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांच्यासाठी, काही गोष्टी स्पष्टपणे लिहितो.

जुन्या ट्रॉफीला हात लावताना हातमोजे घाला आणि नाकावर रुमाल बांधा. कसर लागू नये म्हणून जुन्या काळी कातड्यांना सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, चोळत. अठराव्या शतकात बेकर नावाच्या फ्रेंच माणसाने सोमलाचा साबण शोधला आणि पुढची दोनशे वर्षे तो सगळीकडे वापरला गेला. तो अजूनही केसांत आणि धुळीत असू शकतो. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका. ऊन आणि ओल या दोन्हींपासून दूर, भिंतीला न टेकता ठेवा. फाटले असेल तर गल्लीतल्या चामडेवाल्याकडे दुरुस्तीला देऊ नका. कायद्याने परवान्याशिवाय कोणालाही टॅक्सिडर्मिस्टचा धंदा करता येत नाही.

कागदपत्रे पाहा. १९७२च्या कायद्याने अशा वस्तूंची नोंद करून मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे होते, आणि ज्यांनी तेव्हा केली नाही त्यांना २००३ साली १८० दिवसांची आणखी एक मुदत मिळाली होती. वारसाने वस्तू आली असेल तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाला कळवावे लागते. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची ट्रॉफी प्रमाणपत्र असले तरी विकता येत नाही आणि भेटही देता येत नाही. इंग्लंडात १९४७पूर्वीच्या ट्रॉफींचे लिलाव होतात, त्यांच्या किमतींच्या बातम्या वाचून कोणी मोहात पडू नये. इथे पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे.

ठेवायची नसेल तर वाट आहे. २०२२च्या दुरुस्तीने कायद्यात ४२-ए हे कलम आले. प्रमाणपत्र असलेल्या माणसाला सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन ती वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकाकडे स्वाधीन करता येते. मोबदला मिळत नाही, पण वस्तू सरकारजमा होते आणि जबाबदारी संपते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे, आणि अर्ज जिल्ह्याच्या उपवनसंरक्षकांकडून पुढे जातो. प्रमाणपत्र नसेल तर घाबरून रात्री नदीत सोडण्यापेक्षा वकिलाला सोबत घेऊन खात्याकडे जाणे केव्हाही बरे.

आणि हे सगळे करण्याआधी, या दिवाळीत घर आवरताना, ढाल उलटी करून मागची चिठ्ठी पाहा. तिचा आणि समोरच्या पट्टीचा फोटो काढा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा की हे जनावर कुठल्या रानातले, कुठल्या साली मारले, सोबत कोण होते, आणि मैसूरला कुणी पाठवले. मिळेल ते उत्तर वहीत लिहा आणि त्याची एक प्रत ट्रॉफीसोबत ठेवा. ट्रॉफी कुठेही गेली तरी तो कागद तिच्यासोबत जाऊ द्या.